पृथ्वीभोवती फिरल्यासारखा दिसणारा कामोओआलेवा

कामोओआलेवा नावाचा एक लहानसा लघुग्रह सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३६६ दिवसांत पूर्ण करतो. पृथ्वीला त्याच फेरीसाठी ३६५ दिवस आणि सहा तासांच्या आसपास वेळ लागतो. या दोन आकड्यांमधला फरक एका दिवसाहूनही कमी आहे, आणि या लघुग्रहाच्या कक्षेत जे काही विलक्षण आहे ते बहुतेक सगळे या जवळजवळ सारखेपणातूनच निघते. तो सतत पृथ्वीच्या आसपास राहतो आणि वर्षातून एकदा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतो असे वाटते. त्यामुळेच बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख अधूनमधून ‘पृथ्वीचा दुसरा चंद्र’ असा होतो. हे वर्णन चुकीचे आहे. मात्र तो केवळ योगायोगाने आपल्याजवळ आहे आणि पृथ्वीशी त्याचा काही संबंध नाही, असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. खरी परिस्थिती या दोन विधानांच्या मधली आहे आणि ती समजून घ्यायला गणिताची फारशी गरज पडत नाही.

हवाई बेटांपैकी माउई या बेटावर हालेआकाला नावाचा उंच ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावरील पॅन-स्टार्स या दुर्बिणीने २७ एप्रिल २०१६ रोजी हा लघुग्रह टिपला. नव्या लघुग्रहांना आधी एक तात्पुरती संज्ञा मिळते. त्याप्रमाणे हा ‘२०१६ एचओ३’ झाला. या संज्ञेत वर्षानंतरचे पहिले अक्षर शोधाचा पंधरवडा दाखवते, म्हणजे ‘एच’ हे एप्रिलच्या उत्तरार्धाचे अक्षर, तर पुढचे अक्षर आणि आकडा मिळून त्या पंधरवड्यातील नोंदीचा क्रम सांगतात. कक्षा पुरेशी नेमकी झाल्यावर त्याला ४६९२१९ हा कायमचा क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये हवाईतील सृष्टिनिर्मितीच्या पारंपरिक स्तोत्रातून घेतलेले आजचे नाव देण्यात आले. कक्षा नेमकी होण्यास जुन्या नोंदींची मोठी मदत झाली. २००४ मध्ये वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या आकाशाच्या प्रतिमांमध्ये हा मंद ठिपका आधीच उमटलेला होता. काही रात्रींच्या निरीक्षणांवरून काढलेली कक्षा आणि बारा वर्षांच्या अंतरावरील दोन टोके हाताशी असताना काढलेली कक्षा यांच्या अचूकतेत फार मोठा फरक पडतो, कारण वेगमापनातील अगदी लहान चूकही वर्षानुवर्षांच्या प्रवासात लाखो किलोमीटरची होते.

त्याच्या आकाराविषयी मात्र अजूनही ढोबळ अंदाजच सांगता येतो. पृथ्वीवरून तो कोणत्याही दुर्बिणीतून केवळ प्रकाशाचा एक बिंदू दिसतो. त्याची कड किंवा पृष्ठभाग दिसत नाही. म्हणून त्याच्या तेजावरून आकार काढावा लागतो, आणि तिथे अडचण अशी आहे की काळपट पृष्ठभागाचा मोठा दगड व उजळ पृष्ठभागाचा लहान दगड दुरून सारखेच तेजस्वी दिसू शकतात. त्यामुळे त्याची लांबी साधारण ४० ते १०० मीटरच्या दरम्यान असावी असे म्हटले जाते. नुसत्या डोळ्यांना जो सर्वांत मंद तारा दिसू शकतो, त्याच्यापेक्षाही हा लघुग्रह लक्षावधी पटींनी मंद आहे.

आता त्याच्या कक्षेकडे वळू. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील सरासरी अंतराला, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरला, खगोलीय एकक म्हणतात. कामोओआलेवाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे १.००१ खगोलीय एकक आहे. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असली, तरी याची कक्षा किंचित लांबट आहे. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना तो ०.९ खगोलीय एककावर येतो आणि सर्वांत दूर असताना १.१ खगोलीय एककापर्यंत जातो. शिवाय त्याच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी जवळपास ८ अंशांचा कोन करते. सरासरी अंतर सारखे असेल तर परिभ्रमणकाळही सारखाच येतो, हा केप्लरचा तिसरा नियम आहे. त्यानुसार कक्षा गोल आहे की लांबट, याचा परिभ्रमणकाळावर काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच पृथ्वी आणि कामोओआलेवा वेगवेगळ्या आकाराच्या वाटांवरून जात असले, तरी वर्ष संपताना दोघे जवळपास आपापल्या मूळ जागी परत येतात.

मग तो पृथ्वीभोवती फिरताना का दिसतो? एका मोठ्या मैदानावर दोन धावपटू धावत आहेत असे समजा. पहिला मधल्या पट्ट्यातून एकाच वेगाने धावतो. दुसरा प्रत्येक फेरीचा अर्धा भाग आतल्या पट्ट्यातून जोरात धावतो आणि उरलेला अर्धा भाग बाहेरच्या पट्ट्यातून संथपणे धावतो. फेरी मात्र दोघांची एकाच वेळी पूर्ण होते. पहिल्या धावपटूने फक्त दुसऱ्याकडे पाहत राहायचे ठरवले, तर त्याला दुसरा आधी आतल्या बाजूला दिसेल, मग पुढे गेलेला दिसेल, मग बाहेरच्या बाजूला येईल, नंतर मागे पडेल आणि शेवटी पुन्हा आतल्या बाजूला येईल. म्हणजे दुसऱ्या धावपटूने आपल्याभोवतीच एक फेरी मारली असे पहिल्याला वाटेल. प्रत्यक्षात दोघेही मैदानाच्या मध्याभोवतीच धावत असतात.

कामोओआलेवाचे नेमके असेच होते. सूर्याजवळ असताना प्रत्येक ग्रह किंवा लघुग्रह अधिक वेगाने जातो आणि सूर्यापासून दूर असताना मंदावतो, हा केप्लरचा दुसरा नियम आहे. लघुग्रह पृथ्वीच्या कक्षेच्या आत असतो तेव्हा तो पृथ्वीपेक्षा वेगवान असतो, म्हणून पुढे सरकतो. पुढे गेल्यावर त्याची वाट बाहेरच्या दिशेने वळते, तो पृथ्वीची कक्षा ओलांडून बाहेर येतो, मंदावतो आणि मागे पडू लागतो. मागे पडल्यावर त्याची वाट पुन्हा आत वळते. पृथ्वी स्थिर धरून हा मार्ग कागदावर काढला, तर पृथ्वीभोवतीचे एक लांबट वळे तयार होते. ते सूर्याच्या दिशेने आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेने सुमारे दीड-दीड कोटी किलोमीटर, तर पृथ्वीच्या पुढे आणि मागे त्याच्या दुप्पट म्हणजे तीन-तीन कोटी किलोमीटर पसरलेले असते. आत, पुढे, बाहेर, मागे हा क्रम नीट मांडून पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. या वळ्यावर फिरण्याची दिशा चंद्राच्या फिरण्याच्या दिशेच्या उलट आहे. सौरमालेच्या उत्तरेकडून पाहिल्यास चंद्र पृथ्वीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो, तर कामोओआलेवा काट्यांच्या दिशेने फिरल्यासारखा दिसतो. यात कक्षेच्या तिरकेपणाचा भाग मिसळला की हा मार्ग सपाट राहत नाही. लघुग्रह वर्षातून एकदा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या सुमारे दोन कोटी किलोमीटर वर जातो आणि एकदा तितकाच खाली येतो.

याच भूमितीमुळे तो शोधायला इतका उशीर झाला आणि आजही वर्षातील थोडेच दिवस तो दुर्बिणींच्या आवाक्यात येतो. लघुग्रह सूर्यापासून सर्वांत दूर असतो त्या सुमारास तो पृथ्वीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्या रात्रीच्या आकाशात असतो आणि त्याचा सूर्यप्रकाशित भाग आपल्याकडे वळलेला असतो. हा काळ दरवर्षी एप्रिलच्या आसपास येतो. ऑक्टोबरच्या आसपास तो सूर्याकडच्या बाजूला गेलेला असतो, तेव्हा सूर्याच्या झगमगाटात इतका मंद बिंदू सापडणे अशक्यच आहे. परिभ्रमणकाळ जवळजवळ एक वर्षाचा असल्यामुळे हे वेळापत्रक वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही. त्याचा शोध एप्रिलमध्ये लागला आणि २००४ मधील जुनी नोंदही मार्चमधलीच निघाली, यामागे हेच कारण आहे.

आता ‘दुसरा चंद्र’ हे वर्णन का चुकते, ते पाहू. एखादा दगड पृथ्वीचा खरा उपग्रह होण्यासाठी तो पृथ्वीच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे साधारण १५ लाख किलोमीटरच्या परिघात असावा लागतो. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असल्यामुळे त्या परिघाच्या बराच आत आहे. कामोओआलेवा आजच्या स्थितीत पृथ्वीच्या जवळात जवळ आला तरी चंद्राच्या ३८ पट अंतरावर, म्हणजे जवळपास दीड कोटी किलोमीटरवर असतो आणि दूर गेला तर चंद्राच्या १०० पट अंतरापर्यंत जातो. तो जवळात जवळ असतानासुद्धा त्याच्यावरची सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दोन हजार पटींहून अधिक असते.

इथे चौकस वाचकाला एक शंका येऊ शकते. चंद्रालाही सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे दुप्पट जोराने ओढतो, मग चंद्र पृथ्वीचा कसा? याचे उत्तर असे की नुसत्या ओढीची तुलना पुरेशी नसते. सूर्य चंद्राला जितका ओढतो, जवळजवळ तितक्याच प्रमाणात पृथ्वीलाही ओढतो. दोघे सूर्याभोवती जोडीनेच वळत राहतात, आणि त्यांना एकमेकांपासून अलग करू पाहणारी गोष्ट असते ती या दोन ओढींमधला फरक. पृथ्वीच्या जवळ हा फरक अगदी क्षुल्लक असतो आणि पृथ्वीची ओढ त्यावर सहज मात करते. साधारण १५ लाख किलोमीटरच्या पुढे गणित उलटते. कामोओआलेवा या सीमेच्या जवळपास दहापट दूर आहे. उद्या पृथ्वी अचानक नाहीशी झाली, तर चंद्राच्या वाटेत लगेच मोठा बदल होईल, पण कामोओआलेवाची यंदाची फेरी होती तशीच पूर्ण होईल आणि पुढच्या वर्षीचीही जवळपास तशीच होईल. या कारणासाठी खगोलशास्त्रज्ञ त्याला उपग्रह न म्हणता आभासी उपग्रह किंवा क्वासी-सॅटेलाइट म्हणतात.

तरीही पृथ्वी या गोष्टीत केवळ प्रेक्षक नाही. तिचा हात कुठे आहे हे समजण्यासाठी परिभ्रमणकाळातील त्या छोट्या फरकाकडे परत जावे लागते. लघुग्रहाचे वर्ष पृथ्वीच्या वर्षापेक्षा अर्ध्या दिवसाने मोठे आहे असे धरले, तर दर फेरीअखेर तो पृथ्वीच्या तुलनेत अर्ध्या दिवसाच्या वाटचालीइतका, म्हणजे सुमारे १३ लाख किलोमीटर मागे पडेल. दहा वर्षांत ही पिछाडी एक कोटी तीस लाख किलोमीटर होईल आणि शंभर वर्षांत १३ कोटींच्या घरात जाईल. म्हणजे पृथ्वीने काहीच केले नसते, तर हे वळे शतकभरात पृथ्वीला केव्हाच सोडून गेले असते. प्रत्यक्षात गणित सांगते की कामोओआलेवा जवळपास शंभर वर्षे पृथ्वीच्या सोबत आहे आणि पुढील काही शतके राहणार आहे. ही सोबत टिकते ती पृथ्वीच्या क्षीण पण सातत्याच्या ओढीमुळे. ही ओढ काम करते ती पद्धत मात्र आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलटी आहे.

कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला तिच्या गतीच्या दिशेने पुढे ओढले, तर तिची ऊर्जा वाढते, ती सूर्यापासून थोड्या दूरच्या कक्षेत जाते, तिथे तिचा सरासरी वेग कमी होतो, तिचे वर्ष लांबते आणि परिणामी ती मागे पडते. मागे ओढले तर उलट होते. वस्तू आतल्या कक्षेत उतरते आणि पुढे निघून जाते. म्हणजे पुढे ओढल्याने मागे पडणे आणि मागे ओढल्याने पुढे जाणे हा इथला नियम आहे. अवकाशयानांच्या चालकांनाही दुसऱ्या यानाला गाठताना याच नियमाने चालावे लागते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो हमखास खोटा वाटतो.

आता समजा, कामोओआलेवाचे ते लांबट वळे हळूहळू पुढे सरकले आणि पृथ्वी त्याच्या मध्यावर न राहता मागच्या टोकाच्या जवळ आली. वळ्याच्या पुढच्या टोकावर असताना लघुग्रह आता पृथ्वीपासून बराच लांब असतो, तेव्हा पृथ्वी त्याला मागे ओढते, पण ती ओढ दुर्बळ असते. मागच्या टोकावर आल्यावर तो पृथ्वीच्या अधिक जवळ असतो आणि पृथ्वी त्याच्या पुढे असते, म्हणून ती त्याला पुढे ओढते आणि ही ओढ अधिक जोराची असते. वर्षभराचा हिशेब केला, तर शिल्लक उरते ती पुढच्या दिशेची ओढ. त्या ओढीने लघुग्रहाची कक्षा किंचित मोठी होते, वर्ष किंचित लांबते, आणि पुढे सरकलेले वळे मागे येऊ लागते. ते मध्य ओलांडून फार मागे गेले की हेच सगळे उलट्या बाजूने घडते. एका वर्षातला हा परिणाम जवळजवळ नगण्य असतो, पण दशकानुदशके साचत गेल्यावर तो वळ्याची दिशा फिरवायला पुरतो. वळे पृथ्वीभोवती पुढे-मागे डुलत राहते, पण पृथ्वीला बाहेर टाकून जात नाही.

वळे कधी इतके सरकले की पृथ्वी त्याच्या बाहेरच राहिली, तर हा समतोल मोडतो. पृथ्वी बाहेर राहिल्यावर पुढे असलेल्या लघुग्रहाला ती सतत मागेच ओढते, त्याची कक्षा लहान होते आणि तो अधिकच पुढे पळतो. तो पृथ्वीपासून दूर जात जात सूर्याभोवतीची जवळपास सगळी वाट ओलांडतो आणि कालांतराने पृथ्वीच्या मागच्या बाजूने तिच्याजवळ येतो. तिथे पृथ्वी त्याला पुढे ओढते, कक्षा मोठी होते, तो मंदावतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. पृथ्वी स्थिर धरून पाहिले तर हा मार्ग घोड्याच्या नालेसारखा दिसतो, म्हणून त्याला नालाकृती कक्षा म्हणतात. २००२ एए२९ हा लहानसा लघुग्रह सध्या अशाच मार्गावर आहे आणि नालेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला सुमारे ९५ वर्षे लागतात. शनीचे जेनस आणि एपिमेथियस हे दोन उपग्रह एकमेकांशी हाच खेळ खेळतात आणि दर चार वर्षांनी आपल्या कक्षांची अदलाबदल करतात. कामोओआलेवाची कक्षा संगणकावर मागे-पुढे नेऊन पाहिली असता तोही आलटून पालटून आभासी उपग्रहाच्या आणि नालाकृती कक्षेच्या अवस्थेत राहतो असे दिसते. आजचे सान्निध्य हा त्याच्या आयुष्यातील एक टप्पा आहे.

अशा सोबत्यांमध्ये तो एकटा नाही. २००४ जीयू९ या लघुग्रहाला अलीकडेच कार्डिया हे नाव मिळाले; तोही पृथ्वीचा आभासी उपग्रह आहे. २०२३ एफडब्ल्यू१३ हा आणखी एक, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सापडलेला २०२५ पीएन७ हा त्याहून लहान. शुक्राचाही असा एक सोबती आहे. या सगळ्यांपेक्षा वेगळी जात म्हणजे तात्पुरत्या चंद्रांची. २००६ आरएच१२० आणि २०२० सीडी३ हे काही मीटरचे किंवा त्याहून लहान दगड खरोखरच पृथ्वीच्या प्रभावक्षेत्रात अडकले होते आणि काही काळ तिच्याभोवती वेड्यावाकड्या फेऱ्या मारून निसटले. बातम्यांमध्ये या दोन्ही प्रकारांची सर्रास गल्लत होते. तात्पुरता चंद्र खरोखर पृथ्वीभोवती फिरतो, पण थोडा काळच टिकतो. आभासी उपग्रह पृथ्वीभोवती फिरत नाही, पण शतकानुशतके सोबत राहू शकतो.

हा टप्पा नेमका कधी संपेल हे सांगण्यात एक अडथळा आहे, आणि तो गुरुत्वाकर्षणाचा नाही. सूर्यप्रकाशाने तापलेला पृष्ठभाग ती उष्णता पुन्हा अवकाशात सोडतो आणि सुटणाऱ्या त्या किरणांचा अतिसूक्ष्म उलटा धक्का लघुग्रहाला बसतो. लघुग्रह स्वतःभोवती फिरत असल्यामुळे सर्वांत तापलेली बाजू नेमकी सूर्यासमोर नसते, थोडी पुढे सरकलेली असते, आणि म्हणून हा धक्का थोडासा कक्षेच्या दिशेनेही लागतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. मोठ्या लघुग्रहांवर त्याचा प्रभाव अत्यल्प असतो, पण शंभर मीटरहून लहान दगडाच्या बाबतीत तो हजारो वर्षांच्या हिशेबात मोजावा लागतो. ज्या कक्षेचे भवितव्य अर्ध्या दिवसाच्या फरकावर ठरते, तिथे इतका लहान धक्काही महत्त्वाचा होतो.

धोक्याचा प्रश्न थोडक्यात निकालात काढता येईल. आजच्या टप्प्यात हा लघुग्रह पृथ्वीच्या दीड कोटी किलोमीटरच्या फारसा आत येत नाही, आणि संभाव्य धोकादायक लघुग्रहांच्या वर्गात बसण्यासाठी जो किमान आकार धरला जातो, म्हणजे साधारण १४० मीटर, त्याहून तो लहान आहे.

त्याच्या उगमाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटणारा नाही. पृथ्वीजवळचे बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यातून आलेले असतात आणि त्यांच्या कक्षा बहुधा बऱ्याच लांबट असतात. कामोओआलेवाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी संशय यावा इतकी जुळते. बेन्जामिन शार्की, विष्णू रेड्डी, रेणू मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅरिझोनातील लार्ज बायनॉक्युलर दुर्बिणीच्या साहाय्याने त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशात कोणता रंग किती आहे याची नोंद, मिळवला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा वर्णपट लाल रंगाकडे झुकलेला होता. नेहमीच्या लघुग्रहांशी तो नीट जुळेना, पण अपोलो १४ मोहिमेने चंद्रावरून आणलेल्या नमुन्याशी मात्र चांगला जुळला. म्हणजे हा दगड चंद्राचाच तुकडा असण्याची शक्यता पुढे आली. चंद्रावर एखादा मोठा आघात झाला आणि त्यातून उडालेल्या तुकड्यांना सेकंदाला २.४ किलोमीटरच्या आसपासचा वेग मिळाला, तर ते चंद्राच्या गुरुत्वाकर्षणातून सुटू शकतात. असे बहुतेक तुकडे पृथ्वीवर पडतात किंवा इतस्ततः विखुरतात, पण गणिती प्रतिकृतींनुसार त्यातले अगदी थोडे पृथ्वीसारख्याच कक्षेत स्थिरावणे शक्य आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर त्या आघाताची जागाही सुचवली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जोर्दानो ब्रूनो नावाचे सुमारे २२ किलोमीटर व्यासाचे विवर आहे आणि भूशास्त्रीय हिशेबात ते अगदी तरुण, म्हणजे दहा लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीचे मानले जाते. एवढा मोठा तुकडा बाहेर फेकण्यासाठी लागणारा आघात आणि पृथ्वीलगतच्या कक्षेत असे दगड टिकण्याचा काळ, या दोन्ही अटींमध्ये हे विवर बसते. माझ्या मते इथे थोडे थांबून घेणे इष्ट आहे. वर्णपट जुळणे हा चांगला पुरावा असला तरी अंतिम नाही, कारण सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा कणांचा झोत, आणि सूक्ष्म उल्कांचा मारा यांमुळे मुख्य पट्ट्यातील दगडाचाही रंग दीर्घकाळात लालसर होऊ शकतो. तरीही २०२४ पीटी५ या सुमारे १० मीटरच्या आणखी एका पृथ्वीसदृश कक्षेतील दगडाचा वर्णपट चंद्राच्या खडकांसारखाच निघाल्यावर चांद्र उगमाची बाजू काहीशी भक्कम झाली आहे.

हा दगड स्वतःभोवती सुमारे २८ मिनिटांत एक फेरी मारतो. एवढ्या लहान वस्तूवर गुरुत्वाकर्षण नावापुरतेच असते, त्यामुळे विषुववृत्तापाशी बाहेर फेकणारा परिणाम आत ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा-वीस पट भरतो. तिथे सुटा धोंडा ठेवला तर तो तसाच उडून जाईल. म्हणून कामोओआलेवा नुसत्या गुरुत्वाने एकत्र राहिलेला खडीचा ढीग असणे अवघड आहे. तो बहुधा एकसंध खडक असावा, किंवा त्याच्या कणांना परस्परांना धरून ठेवणारी थोडी चिकटण तरी असावी. त्याच्या पृष्ठभागावर धूळ कितपत टिकली असेल, याविषयी तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत.

याच पृष्ठभागावरून नमुने उचलण्यासाठी चीनने मे २०२५ च्या अखेरीस शीचांग येथून तियानवेन-२ हे यान पाठवले. २०२६ च्या मध्यास लघुग्रहाजवळ पोहोचायचे, काही महिने त्याच्यासोबत प्रवास करत पाहणी करायची, नमुने गोळा करायचे आणि २०२७ च्या अखेरीस ते कुपीतून पृथ्वीवर पाठवायचे, अशी योजना आहे. त्यानंतर यान ३११पी या धूमकेतूसारखे पिसारे फेकणाऱ्या मुख्य पट्ट्यातील वस्तूकडे जाणार आहे. लघुग्रहाजवळचे काम कठीण आहे. दर २८ मिनिटांनी गरकन फिरणाऱ्या आणि जवळजवळ गुरुत्व नसलेल्या दगडावर यान उतरत नाही, त्याला चिकटते किंवा क्षणभर स्पर्श करून मागे फिरते, आणि त्यासाठी नमुने घेण्याच्या एकाहून अधिक पद्धतींची तयारी ठेवलेली आहे.

नमुने हाती आल्यास उगमाचा प्रश्न प्रयोगशाळेत तपासता येईल. पृथ्वी आणि चंद्र यांच्या खडकांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या ऑक्सिजन अणूंचे, प्रमाण जवळजवळ एकसारखे आहे आणि मुख्य पट्ट्यातून आलेल्या बहुतेक अशनींपेक्षा ते वेगळे आहे. कामोओआलेवाच्या कणांमध्ये चंद्राचे प्रमाण आढळले, तर तो चंद्राचा तुकडा असल्याचे जवळपास सिद्ध होईल. शिवाय वैश्विक किरणांच्या माऱ्याने खडकात तयार झालेल्या समस्थानिकांवरून तो किती काळ अवकाशात उघडा पडलेला आहे, हेही मोजता येईल. तो काळ दहा लाख ते एक कोटी वर्षांच्या दरम्यान निघाला, तर जोर्दानो ब्रूनो विवराकडे बोट दाखवणाऱ्यांचे म्हणणे बळकट होईल; त्याहून फार जास्त निघाला, तर चंद्रावरचे दुसरे विवर शोधावे लागेल.